बारावी खुर्ची

९ जानेवारी

प्रिय चिमणे,

प्रभूमध्ये सलाम. पत्राला उशीर झाला. मंडळीच्या कामातून डोकं वर काढायला सवड नाही. आणि डोकं वर काढायचंच नाही, हेच तर मी सध्या शिकतो आहे.

झालं असं. मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी नम्रतेवर उपदेश केला. माणसाने आपल्या अकलेची, ताकदीची, मालमत्तेची घमेंड मारू नये, मिरवायचंच तर देवाला मिरवावं, असा सगळा विषय. मी पहिल्याच बाकावर होतो. साहेबांची नजर सारखी माझ्याकडे वळत होती. उदाहरण म्हणून त्यांच्या मनात मीच असणार. घरी येताना तुझ्या वहिनीला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "हो, मलाही तसंच वाटलं."

त्या उपदेशाने मी इतका हललो, की एक फेब्रुवारीला चर्चच्या वर्धापनदिनी बारा गोरगरिबांचे पाय भर उपासनेत धुवावेत, अशी सूचना कमिटीत मांडली. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. सूचना एकमताने पास झाली, पण धुणार कोण यावरून जुंपली. औषधांचे दुकानवाले म्हणाले, "हे काम माझ्यासारख्या साध्या माणसाला द्या." मी म्हटलं, "साधेपणात तुम्ही मला हरवणार?" बत्तीस वर्षं हेडमास्तरकी केली, तरी अजून माझी छत्री मीच उचलतो. शेवटी हात वर करून मतं घेतली. मला त्याचा जरासुद्धा अभिमान नाही. (सात विरुद्ध दोन, बरं का.)

बारा माणसं निवडणं मोठं जिकिरीचं. गरीब हवीत, पण नीटनेटकी. सगळ्यांना निरोप धाडलाय, की येताना पाय घरून घासून या. आपल्या दफनभूमीत कबरी खणणारा खड्डेमामा तुला आठवत असेल. तो आपणहून विचारायला आला, "सर, माझेपण धुणार का?" त्याला टाळलं. दोन महिन्यांपूर्वी पायावर फावडं पडलं म्हणे, तेव्हापासून चिंध्या गुंडाळून हिंडतो. फोटोग्राफर सांगून ठेवलाय. फोटोत ते बरं दिसणार नाही.

तू तिथे जखमांच्या वॉर्डात सिस्टर आहेस, तुला पाय धुण्याचा सराव. काही युक्त्या असतील तर कळव. गुडघे दुखू नयेत म्हणून काय करतेस?

तुझा नम्र,
दादा

ता.क. 'नम्र' हे मी सवयीने लिहीत नाही, मनापासून लिहितो.


१६ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र वाचताना आधी वॉर्डातल्या स्टुलावर बसून घेतलं, नाहीतर हसता हसता आडवी झाले असते. दादा, तुझ्या नम्रतेला तोड नाही. एवढी नम्रता मी आयुष्यात पाहिली नाही. एका माणसात ती मावणारच नाही, म्हणून तर सांडते आणि चारचौघांना पुसत बसावं लागतं.

युक्त्या विचारतोस, तर ऐक. पाणी कोमट हवं, कोपर बुडवून बघ. बोटांच्या बेचक्या कोरड्या कर. तळवा उलटा करून बघ, खरं दुखणं खाली लपतं. आणि पाण्यात हात घालण्याआधी माणसाला विचार, "कुठे दुखतंय?" हे विचारायचं नसेल तर धुऊ नकोस, नळही पाय धुतो. राहता राहिले गुडघे. ते दुखतातच. मला सव्वीस वर्षं झाली, दिवसाला वीस पाय तरी, पू, रक्त, वास सगळ्यासकट. माझा अजून कुणी फोटो काढलेला नाही. पण मी कधी बोलून दाखवते का?

खड्डेमामाचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. दोन महिने जखम भरत नाही म्हणजे त्याच्या रक्तात साखर असणार. त्याला डॉक्टरकडे ने. याच आठवड्यात.

तुझी
चिमणी


२४ जानेवारी

प्रिय चिमणे,

तुझं पत्र कमिटीत वाचून दाखवलं. सगळं नाही, "तोड नाही"पासून "आयुष्यात पाहिली नाही"पर्यंत. पाळकसाहेबांना खोकल्याची अशी उबळ आली की बाहेर जावं लागलं. भावनावश झाले बिचारे. औषधवाल्यांचा चेहरा स्वतःच्याच दुकानातलं एरंडेल प्यायल्यासारखा. त्या दोन ओळी कार्यक्रमपत्रिकेत छापाव्यात असं कुणीतरी म्हणालं. मी लगेच "नको, नको" केलं. पुन्हा कुणी आग्रह केला नाही. थोडा करायला हवा होता.

तयारी जोरात आहे. नवा पांढरा टॉवेल आणला. त्यावर वहिनीकडून निळ्या दोऱ्याने 'केवळ प्रभूचा गौरव' असं भरून घेतलं आणि खाली माझं नाव. बारीकच, पण मागच्या बाकावरून वाचता येईल इतपत. सराव म्हणून रोज संध्याकाळी वहिनीला खुर्चीत बसवून तिचे पाय धुतो. ती म्हणते, एकतीस वर्षांत या घरात पहिल्यांदाच बसायला मिळालं. बायकांना थट्टेची सवयच असते.

खड्डेमामाचं लक्षात आहे. ही धांदल आटोपली की बघतो. दोन महिने काढले त्याने, आठ दिवसांत काय होणार?

तुझा नम्र,
दादा


३ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

वर्धापनदिन प्रभूच्या कृपेने पार पडला. चर्च भरलेलं होतं. अकरा जणांचे पाय यथासांग झाले. बाराव्याच्या वेळी माझ्या कमरेत उसण भरली, त्यामुळे मला उठावं लागलं. वयोमान. अकरा काही कमी नाहीत. फुलांची सजावट फार सुरेख होती.

बाकी सगळं ठीक. सविस्तर पुढे लिहीन.

दादा

वन्सं, हे पत्र यांनी टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडंच होतं, म्हणून खाली चार ओळी लिहिते. यांच्या कमरेला काहीही झालेलं नाही. बारावी खुर्ची पोस्टमनची होती. ते आलेच नाहीत. खुर्ची रिकामी बघून खड्डेमामा मागच्या बाकावरून लंगडत आला आणि बसला. यांना नाही म्हणता येईना, सगळे बघत होते. यांनी चिंध्या सोडल्या आणि वास सुटला, पार दारापर्यंत. यांनी टॉवेल नाकाला लावला, तोच, 'प्रभूचा गौरव'वाला. मग उठले आणि बाजूच्या दाराने निघून गेले. फोटोग्राफरने नेमका तेव्हा फोटो काढला. खड्डेमामा उघडा पाय पुढे धरून एक अख्खं गीत होईपर्यंत तसाच बसला होता. शेवटी मी जाऊन चिंध्या पुन्हा बांधल्या. धुवायची हिंमत मलाही झाली नाही. दोन बोटं काळी दिसली. काय करू, लगेच कळवा.

वहिनी


६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मिळेल त्या दिवशी, मिळेल त्या बसने खड्डेमामाला माझ्याकडे पाठव. तुला जमणार नसेल तर वहिनीला सांग, तिला जमेल. बसस्टँडवर मी स्वतः घ्यायला येईन.

टॉवेलही पाठवून दे. आमच्याकडे पट्ट्यांना कापड कमी पडतं. नावाचा तुकडा कापून तुला परत धाडीन, भिंतीला लाव. तो फोटो शेजारीच लाव. तुझी कमर तेवढी आणू नकोस. ती ठणठणीत आहे.

चिमणी


१७ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

तुझं पत्र टाचणीसारखं टोचलं. त्याहून टोचलं ते वहिनीचं लिहिणं. घरचाच आहेर. असो. खड्डेमामाला तिने त्याच दिवशी बसमध्ये बसवून दिलं, पोचला असेलच.

मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे रात्री थोडं दूध. मग ठरवलं, की ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. रविवारी उपासनेत उभा राहिलो आणि साक्ष दिली. म्हटलं, "मी घमेंडखोर आहे. माझ्याइतका घमेंडखोर माणूस या मंडळीत झाला नाही, होणार नाही." अठरा मिनिटं बोललो. हातात कागद नाही. पहिल्या तीन बाकांवर रुमाल निघाले. नंतर पाळकसाहेब माझा हात धरून म्हणाले, "सर, एवढी लांब कबुली मी आजवर ऐकली नव्हती." काही लोकांनी तर सांगितलं, की पाय धुतले असते तरी मनाला इतकं भिडलं नसतं.

औषधवाल्यांना हे कसं बघवणार? येत्या रविवारी तेही कबुली देणार आहेत. तरुणपणीचं काहीतरी उकरून काढतायत म्हणे. पण माझ्यासारखी पडझड त्यांच्याकडे कुठून असणार!

एक गोष्ट मात्र मी लोकांना सांगितली नाही. ती तुला सांगतो. मी टॉवेल नाकाला लावला, तेव्हा खड्डेमामाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सॉरी, सर." शाळेतली पोरं गृहपाठ विसरल्यावर म्हणायची ना, अगदी तसं. हेही साक्षीत घालायचं ठरवलं होतं. त्या वाक्यापाशी आलो. आणि ते गाळून पुढे गेलो.

त्याचा पाय कसा आहे?

दादा


२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझ्या अठरा मिनिटांवर मी चार पानं लिहिली होती. झणझणीत. तुला महिनाभर ठसका लागला असता. ती फाडली. का, ते सांगते.

आधी पाय. दोन बोटं काढावी लागली. पाऊल वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत कापावा लागला असता. 'आठ दिवसांत काय होणार' असं तू विचारलं होतंस, म्हणून मुद्दाम कळवते.

मी त्याला विचारलं, "मामा, नाव यादीत नसताना त्या खुर्चीत जाऊन का बसलात?" मला वाटलं, मानाची हौस असेल, नाहीतर तुझी जिरवायची असेल. तर म्हणाला, "बाई, पाय धुणार म्हणजे जखम बघणार असं वाटलं. डॉक्टरकडे जायचं तर कामाचा खाडा होतो. म्हटलं, इथे चर्चमध्येच बघतायत, बरी सोय झाली." मग मलाच विचारलं, "का हो, तो मान होता का?"

दादा, बारा खुर्च्यांवर बारा माणसं बसली, त्यातल्या एकालाच वाटलं की हे खरं चाललंय.

आता त्याचं वागणं ऐक. तो नम्र वगैरे अजिबात नाही. सगळ्या वॉर्डात त्याच्याइतका बढाईखोर माणूस नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू: माझा देव असा, माझा देव तसा. डॉक्टर जरा ऐटीत म्हणाले, "वेळेवर माझ्या हाताखाली आलात म्हणून वाचलात." हा म्हणतो, "साहेब, खरंच. काय हात बनवलाय तुमचा देवाने! मानलं त्याला." डॉक्टरांना कळेना, आपलं कौतुक झालं की निसटलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस दिवसभर देवाच्या नावाने बोटं मोडतो. त्याला म्हणाला, "माझी आठ उरलीत आणि मी त्याची तारीफ करतोय. तुमची दहाच्या दहा जागेवर आहेत, तीही मोडून टाकताय."

स्वतःबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत संपतो. लपवतो असं नाही. त्याला तो विषयच रटाळ वाटतो.

आणि आता माझं. गेल्या आठवड्यात ड्रेसिंग करताना मी त्याला सांगत होते, सव्वीस वर्षं हेच करतेय, दिवसाला वीस पाय, कुणाला पर्वा नाही, आमच्या दादाने एकदा धुतले तर केवढा गाजावाजा.  पट्टी बांधून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, हात फार हलका आहे तुमचा. पण एक विचारू? तुमचे दादा वर्षातून एकदा धुतात आणि सांगतात. तुम्ही रोज धुता आणि रोज सांगता. दोघं एकाच आईची ना?"

अख्खा वॉर्ड हसला. मी कोठीत जाऊन कापसाच्या घड्या घालत बसले. घातलेल्याच उलगडून परत घातल्या.

आणखी एक. हे कुणालाच माहीत नाही. आमच्या इस्पितळात दर वर्षी उत्तम सिस्टरचा सत्कार होतो. या वर्षीच्या नावांत माझं नाव आहे. ते मीच सुचवलंय, बरोबरच्या सिस्टरच्या नावाने आणि डाव्या हाताने लिहून. ते मागे घ्यायचं ठरवलंय. 'उद्या घेते' असं चार दिवस चाललंय.

त्याला दहा मार्चला सोडतील. चार महिने खणायचं नाही. रोज ड्रेसिंग लागेल. वहिनीसाठी पद्धत वेगळ्या कागदावर लिहिली आहे, ती तिला दे. वाचून दाखवू नकोस, नुसती दे.

तुझी
चिमणी


१६ मार्च

प्रिय चिमणे,

मामाला आमच्याकडेच ठेवून घेतलंय, मागच्या खोलीत. हे वहिनीने ठरवलं. ड्रेसिंग तीच करते. मी पाणी आणतो आणि परात धरतो. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. मामा म्हणाला, "जा सर, बाहेर जाऊन या. मी कुठे पळतोय?" गेलो आणि परत आलो.

त्याची माफी मागायची होती. तीन मुद्दे काढून ठेवले होते. पहिला अर्धा झाला तोच तो म्हणाला, "सर, तुमचं सॉरी पोचलं. बाकीचं देवाशी बोला, त्याला वेळ असतो. मला ती उशी द्या पायाखाली." उरलेले अडीच मुद्दे माझ्याकडेच राहिले.

शनिवारी शिवणाच्या बाई वारल्या. आपल्या गल्लीच्या टोकाला बसायच्या, तुझा पहिला फ्रॉक त्यांनीच शिवला होता. कबर खणायला माणूस नाही. कमिटी बसली. एकाला कामावर जायचं होतं, एकाला धुळीचा त्रास, आणि औषधवाल्यांच्या कमरेत उसण भरली. मला बरंच काही बोलता आलं असतं, पण ती उसण मी आधीच वापरून बसलो होतो. मी म्हटलं, "मी खणतो." म्हणताना मनात काय होतं ते तुला खरं सांगतो: लोक बघतील, हे होतंच.

रविवारी पहाटेच कामाला लागलो. मामा कुबडी घेऊन आला आणि उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडू लागला. "डावीकडे घ्या! कडा सरळ! माती बघा, सर, देवाने कशी लोण्यासारखी ठेवलीय!" मला ती लोण्यासारखी वाटत नव्हती. दहापर्यंत तळहातांना फोड आले, दुपारपर्यंत ते फुटले. बाई लहानखुऱ्या होत्या, म्हणून मी अंदाजाने लांबी धरली. मामाने दोनदा विचारलं, "पेटी मोजलीत ना?" मी दोनदा "हो" म्हटलं. मोजली नव्हती.

चार वाजता पेटी आली आणि खड्डा वीतभर आखूड निघाला.

सगळी मंडळी उभी. पेटी खांद्यावर. मी पुन्हा आत उतरलो. बाहेर माझं फक्त डोकं दिसत असणार. गाणाऱ्यांनी तीन गीतं म्हटली, ती संपली, मग पहिलं परत सुरू केलं. कुणीतरी फिसकन हसलं. माझ्याच शाळेतला, चाळीस वर्षांनीही ते हसू ओळखलं मी. त्यालाच हाक मारून म्हटलं, "हसतोस काय, दुसरं फावडं घे." तो बूट काढून आत आला. दोघांनी मिळून वीतभर वाढवलं. मला वर ओढून काढायला तिघे लागले.

दफन झालं. पाळकसाहेबांनी बाईंबद्दल देवाचे आभार मानले, गाणाऱ्यांचे मानले, फुलं देणाऱ्यांचे मानले. माझं नाव आलं नाही. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. हाताला माती तशीच. सगळे तिथूनच बाहेर जाणार होते, म्हणून तिथे. पाच-सहा माणसं गेल्यावर मला कळलं, की मी इथे का उभा आहे. तरी हललो नाही. बाईंच्या सुना रडत गेल्या. औषधवाले कमरेवर हात ठेवून गेले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. वाईट वाटलं, चिमणे. बराच वेळ वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

सगळे गेल्यावर परत आत आलो. मामा अजून बादलीवरच होता. म्हणाला, "आज दिवसभर ढग होते, पण देवाने पाऊस धरून ठेवला बघा, सर. एक सर आली असती तरी तुमच्या कडा ढासळल्या असत्या." मी वर बघितलं. खरंच ढग होते. दिवसभर त्यांच्याखाली होतो आणि एकदाही मान वर केली नव्हती.

मी म्हटलं, "हो, मोठा आहे तुझा देव."

"मग!" मामा म्हणाला, जसा काही पाऊस त्यानेच धरला होता. "बरं, आता ते फावडं धुऊन ठेवा. माती सुकली की निघत नाही."

धुऊन ठेवलं.

दादा